'परंतु' कुठं लिहिलाय?

(केळझर येथे तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



तुमच्या केळझरला लोक एकचक्रानगरी म्हणतात. इथल्या बकासुराला रोज गाडाभर अन्न अन् एक माणूस लागायचा, भीमानं त्याला मारला, अशी कथा. पोथी तिथंच संपते. माझा प्रश्न तिथून सुरू होतो. राक्षस मेला, पण गाडा भरणाऱ्यांचं काय झालं? दुसऱ्या दिवसापासून भात त्यांच्या घरात शिजला, की गाडा नुसता दुसऱ्या वाड्याकडं वळला?

अमेरिकेचे राज्यशास्त्रवाले आपल्या देशाला हाच प्रश्न विचारतात. काय बदललं? काय टिकलं? आणि का? १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. मग त्यांचं भांडणही समजून घेऊ.

लुई हार्ट्झ १९५५ साली म्हणाला, अमेरिकेत सरंजामशाही नव्हतीच; पहिल्यापासून एकच धागा, उदारमतवाद. वा रे वा! मग कापसाच्या मळ्यात साखळदंड कुणाच्या पायात होते? रॉजर्स स्मिथनं १९९३ साली हे खोडून काढलं. स्वातंत्र्य अन् वर्णवर्चस्व, दोन्ही परंपरा अस्सल अमेरिकन, एकाच घरात नांदलेल्या. वॉल्टर डीन बर्नहॅम म्हणतो, काही दशकांनी एखादी निवडणूक सगळं उलथवते, मधल्या काळात सारं थंड. कॅरन ओरेन आणि स्टीफन स्कोरोनेक यांनी २००४ साली साधी फूटपट्टी दिली. हुकमत कुणाची, कुणावर, ते बघा. ती कायमची सरकली तरच बदल. नवी संस्था आली म्हणून जुनी मरत नाही. दोघी शेजारी उभ्या राहतात अन् एकमेकींवर घासतात.

ही फूटपट्टी लावून बघा. १८६५ साली गुलामगिरी संपली. पण त्याच घटनादुरुस्तीत फट ठेवली: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल. दक्षिणेत काळ्यांना क्षुल्लक गुन्ह्यात धरलं अन् मळेवाल्यांना, खाणवाल्यांना भाड्यानं दिलं. १८७० साली काळ्या पुरुषांना मत मिळालं. १८७७ साली संरक्षणाचं लष्कर मागं घेतलं. पुढं मतावर कर अन् वाचनाची परीक्षा लावून ते मत हिसकावलं. १९३५ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, त्यातून शेतमजूर अन् घरगडी वगळले. दक्षिणेतले काळे बहुतांशी तिथंच राबत होते! १९६५ साली मताधिकाराचा कायदा झाला. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं त्याचे मोठे दात काढले.

आता आपला वर्धा जिल्हा. १९५१ साली, आपण मध्य प्रदेशात असताना, मालगुजारी गेली. पण मालगुजाराची घरची शेती, वाडा, खासगी विहिरी त्याच्याकडंच राहिल्या. गाव सुटलं, पण पाणी अन् मजुरी त्याच दारात राहिली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं सरपंचाच्या खुर्चीतही राखीव जागा आल्या. थरावर थर चढले. खालचा थर कुणी खणला?

कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच बजावलं होतं. राजकारणात समता अन् समाजात, अर्थकारणात विषमता, ही विसंगती लवकर मोडली नाही तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल.

आपले म्हातारे म्हणतात, घटना मिळाली, झालं. आपली पोरं म्हणतात, काहीच बदललं नाही, सगळं झूट. दोन्ही बोलणी आळशी! १८७० चं मत कागदावर तरी होतं, म्हणून १९६५ चा लढा त्यावर पाय रोवून उभा राहिला. कायदा लढ्याला लागतोच. पण लढा थांबला की त्याच कायद्याच्या फटीतून जुनी हुकमत आत येते.

म्हणून प्रत्येक कायद्याला तीन प्रश्न विचारा. 'परंतु' कुठं लिहिलाय? त्यातून वगळला कोण? अन् अंमल कुणाच्या हातात? उद्या तलाठ्याकडं जा. गावाचे सात-बारा काढा. कुठली जमीन, कुठली विहीर कुणाच्या नावावर, अन् १९५१ पूर्वी कुणाच्या नावावर होती, ते वहीत उतरवा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, मग बोलू.

जयभीम!