इतिहासाचा धडा आणि अस्सल पत्र



शालेय इतिहास म्हटला कीं सनावळ्या, तहांचीं कलमें आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचें पाठांतर एवढेंच पुष्कळांना आठवतें. पाठ्यपुस्तकांत निवाडा असतो, पुरावा नसतो. पुरावा न पाहतां निवाडा मान्य करण्याची संवय ज्या मुलास लागली, तें पुढें कोणाच्याहि सांगण्यावर विश्वास ठेवील, ही खरी भीति आहे.

पानिपतचें उदाहरण घेऊं. १४ जानेवारी १७६१ ही तारीख मुलांना पाठ असते. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांत १७५० ते १७६१ ह्या काळांतील पत्रें आहेत. पुढें १९३० ते १९३४ ह्या अवधींत गो. स. सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. त्यांतहि पानिपत प्रकरणास स्वतंत्र भाग आहे. पूर्वीं हे ग्रंथ पाहावयाचे तर मोठें ग्रंथालय गांठावें लागे. आतां त्यांतील अनेक खंडांच्या छायाप्रती इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहांत विनामूल्य मिळतात. साधनांचा दुष्काळ सरला आहे. प्रश्न उरला तो निवडीचा. शिक्षकानें अथवा पालकानें एकच लहानसें पत्र निवडावें.

प्रथम त्याची तारीख उलगडावी. त्या वर्षींचा शुहूर सन 'इहिदे सितैन मया व अलफ' असा लिहीत. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर व अलफ हजार, मिळून ११६१. हा सन मृगाबरोबर सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ आणि जानेवारीपासून पुढें ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. सनावळीला कंटाळलेलें मूलहि हें कोडें आनंदानें सोडवितें.

नंतर विचारावें: लिहिणारा कोण? कोणास लिहितो? पाहिलेलें सांगतो, कीं ऐकलेलें? आणि मुख्य म्हणजे, लिहितांना त्याला शेवट ठाऊक होता काय? काशीराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरीं होता. त्यानें ती लढाई पाहिली. परंतु आपला फारसी वृत्तान्त सुमारें वीस वर्षांनीं लिहिला. शेवट त्याला ठाऊक होता. सदाशिवरावभाऊंनीं गोविंदपंत बुंदेल्यांस जीं पत्रें धाडलीं, त्यांत मात्र पैशाची व रसदेची निकड पुन्हा पुन्हा दिसते. उद्यां काय होणार, हें त्या लेखणीस ठाऊक नाहीं. हा भेद उमगला म्हणजे भाऊंना दोष देण्यापूर्वीं वा त्यांची थोरवी गाण्यापूर्वीं मूल क्षणभर थांबतें.

सुटीच्या दिवशीं अर्धा तास काढून घरीं असें एखादें पत्र मुलांसह वाचून पाहावें. उत्तरें सारीं जुळलीं नाहींत तरी चालेल. 'हें कशावरून?' असें मुलानें आपण होऊन विचारलें, तर इतिहासाच्या अभ्यासास तेथूनच आरंभ झाला असें समजावें.