लाइफटाइम वॉरंटी: पण लाइफ नक्की कुणाची?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना झालेली थोडी पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावून बसमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल, नाहीतर ऑफिसात मीटिंग म्यूट करून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. गेल्या काही भागांत आपण ॲप, फोन, सबस्क्रिप्शन असलं बरंच बोललो. आजचा भाग जरा ऑइल-ग्रीसचा आहे. पाने, पकडी, गोट्या, रॅचेट. आणि त्यांच्या डब्यावर सोनेरी अक्षरात छापलेले दोन शब्द: लाइफटाइम वॉरंटी.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. बीटेक कॉम्प्युटर, म्हणजे पाना हातात धरायचं कुणी शिकवलेलं नाही. पण लॉकडाऊनमध्ये स्वतःची सायकल खोलायला लागलो, मग बाइक, आणि आता बाल्कनीत एक छोटंसं वर्कशॉपच झालंय. आई त्याला भंगारचं दुकान म्हणते. असो. टूल विकत घ्यायला लागलो तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक चांगल्या सेटवर ही आजन्म हमी असते. फोन बनवणारा एका वर्षाच्या पुढे बोलत नाही, आणि पाना बनवणारा जन्मभराचं वचन देतो. हे त्याला परवडतं कसं?

तर बघा, यात जादू काही नाही. साधा रिंग पाना म्हणजे स्टीलचा एकच तुकडा. बहुतेकदा क्रोम व्हॅनेडियम स्टील, फोर्ज केलेलं, उष्णता देऊन कडक केलेलं. त्यात हलणारा भाग नाही, बॅटरी नाही, अपडेट नाही. घरगुती वापरात तो तुटतच नाही. तुटण्याच्या आधी तो हरवतो. गाडीवाल्यांमध्ये जगभर चालणारा एक जोक आहे, की दहा नंबरची गोटी कधीच सापडत नाही. आणि हरवलेल्या गोटीला कुठलीही वॉरंटी लागू नाही! म्हणजे ज्या वस्तूचा क्लेम फारसा येणारच नाही, तिच्यावर जन्मभराचं वचन द्यायला फार पैसे लागत नाहीत. डब्यावर मात्र ते झकास दिसतं.

आता याच सेटमधल्या ज्या वस्तू खरोखर झिजतात, त्यांचं काय? बारीक अक्षर वाचा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरावर नट आवळणारा पाना, त्याचं मोजमाप वापराने सरकतं. त्याला सहसा एखादं वर्षच मिळतं. ड्रिल बिट, करवतीची पाती, बॅटरी हे सगळं "झिजणाऱ्या वस्तू" म्हणून बाहेर. रॅचेट असतो मधे. रॅचेट म्हणजे गोटी बसवायचा तो दांडा, एकीकडे फिरवला की नट आवळतो, उलटा फिरवला की नुसता टर्रर्र वाजतो. आत एक दातेरी चक्र, त्यात अडकणारी बारीकशी खिट्टी आणि खिट्टीला दाबून धरणारी स्प्रिंग. यातलं काहीतरी झिजलं की रॅचेट घसरायला लागतो. आणि मग वाद सुरू: हा दोष की झीज?

या सगळ्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. सीअर्स नावाची दुकानांची मोठी साखळी होती. तिने १९२७ साली क्राफ्ट्समन हे नाव ५०० डॉलरला विकत घेतलं. पुढे क्राफ्ट्समनची हातहत्यारं म्हणजे तिकडच्या घराघरातली वस्तू झाली, आणि त्यामागे हमीचा मोठा हात होता. नियम सोपा: तुटलेला पाना दुकानात घेऊन जा, नवा घेऊन या. बिल नको, प्रश्न नको. आजोबांचा पाना नातवाने बदलून आणला, अशा गोष्टी तिकडे लोक अभिमानाने सांगतात.

पण यात एक मेख होती. सीअर्स ही हत्यारं स्वतः बनवत नव्हती, वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घेत होती. पुढे बरंचसं काम चीन आणि तैवानकडे गेलं. मग लोकांची तक्रार सुरू झाली की जुना दणकट पाना दिला आणि बदल्यात हलका आला. रॅचेटच्या बाबतीत तर नव्याऐवजी दुसऱ्या कुणाचातरी दुरुस्त केलेला रॅचेट हातात पडायचा. वचन मोडलं का? कागदावर नाही. पण माणूस चिडणारच ना.

मग २०१७ मध्ये सीअर्सने क्राफ्ट्समन हा ब्रँड स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला विकला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सीअर्सने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. एकामागून एक दुकानं बंद झाली. म्हणजे पाना जिवंत, मालक जिवंत, ब्रँडही जिवंत, पण ज्या काउंटरवर जाऊन तो बदलून मिळायचा ते काउंटरच गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन आहे, पण ते कॉल करायचा एंडपॉइंट बंद. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वॉरंटी स्टीलमध्ये नसते. ती दुकानात, माणसात, कुरियरमध्ये आणि कंपनीच्या मनात असते.

बरं, "लाइफटाइम" म्हणजे कुणाचा? हा प्रश्न तिथल्या सरकारलाही पडला होता. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्यात हमी "पूर्ण" आहे की "मर्यादित" हे स्पष्ट लिहावं लागतं. म्हणून तिकडच्या डब्यांवर "लिमिटेड लाइफटाइम" असं छापलेलं दिसतं. लिमिटेडही आणि लाइफटाइमही, एकाच ओळीत! शिवाय फेडरल ट्रेड कमिशनची जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की लाइफटाइम म्हणालात तर कुणाचं आयुष्य ते ठळकपणे सांगा. त्यांनी दिलेलं उदाहरण गाडीच्या सायलेन्सरचं आहे: तिथे लाइफ म्हणजे तो ज्या गाडीला बसवलाय त्या गाडीचं. तुमचं नाही, सायलेन्सरचंही नाही. तसंच पान्याचं. कुठे पहिल्या मालकाचं आयुष्य, कुठे "प्रॉडक्टचं अपेक्षित आयुष्य", आणि ते किती हे ठरवणार कंपनी.

आता आपल्याकडचं सांगतो.

माझ्या सोसायटीच्या बाहेर एका अण्णांचं टू-व्हीलर गॅरेज आहे. दहा बाय बाराचं. ते स्वतः आणि एक पोरगा. मी त्यांच्याकडेच बरंच शिकलो. त्यांनी दोनेक वर्षांपूर्वी एक चांगल्यापैकी गोटी पाना सेट घेतला. साडेसहा हजारांचा. डब्यावर लाइफटाइम वॉरंटी आणि शेजारी डांगरी घातलेल्या मेकॅनिकचा हसरा फोटो. गेल्या पावसाळ्यात त्यातला रॅचेट घसरायला लागला. जोर लावला की सटकन सुटायचा. रॅचेट असा सुटला की बोटं थेट इंजिनच्या फिनवर आपटतात. अण्णांच्या दोन बोटांची सालं निघाली.

मी म्हटलं, "अण्णा, वॉरंटी आहे ना यावर?"

ते म्हणाले, "असंल बाबा. तूच बघ ते मोबाइलवर."

तर मी बघितलं. आधी फॉर्म. त्यात मूळ बिलाचा फोटो हवा. अण्णांनी बिल नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, पण ते थर्मल कागदाचं. वर्षभरात असली छपाई उडून जाते, हातात कोरा कागद राहतो. जन्मभराच्या हमीचा पुरावा वर्षभर टिकणाऱ्या शाईत! नशीब, पैसे यूपीआयने दिले होते, दुकानदाराकडून त्यावरून डुप्लिकेट बिल मिळालं. मग व्हिडिओ पाठवा. मग वस्तू स्वखर्चाने दिल्लीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. तीन आठवड्यांनी मेल आला: व्यावसायिक वापर आढळला, वॉरंटी लागू नाही.

डब्यावर मेकॅनिकचा फोटो छापायचा आणि मेकॅनिकने वापरला म्हणून नाही म्हणायचं. मी खरंच चिडलो. अण्णा नाही चिडले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून सातशे रुपयांचा सुटा रॅचेट आणला होता. ते एवढंच म्हणाले, "अरे, माझ्या दारात गाडी उभी असते. गिऱ्हाइकाला काय सांगू, कुरियर यायचंय?"

हे वाक्य डोक्यात राहिलं. आमच्याकडे सर्व्हर पडला तर किती मिनिटांत उत्तर द्यायचं, किती तासांत दुरुस्त करायचं हे करारात आकड्यात लिहिलेलं असतं. नुसतं "आम्ही आयुष्यभर तुमच्यासोबत आहोत" असं लिहिलं तर कुठलाही क्लायंट सही करणार नाही. पण पान्याच्या डब्यावर नेमकं तेच लिहिलेलं असतं. किती वर्षं, ते आहे. किती दिवसांत, ते नाही. आणि हातावर पोट असलेल्या माणसाला दुसराच आकडा लागतो.

अमेरिकेतल्या स्नॅप-ऑनचं गणित इथे बघण्यासारखं आहे. त्यांचे डीलर हत्यारांनी भरलेली व्हॅन घेऊन ठरलेल्या दिवशी गॅरेजच्या दारात येतात, तुटलेलं हत्यार तिथेच बघतात. हत्यारं भयंकर महाग, पण मेकॅनिक घेतात, कारण त्या किमतीत दारात येणारा माणूसही असतो.

आता मुद्द्याचं. "व्यावसायिक वापर" म्हटलं की आपल्याकडे बरेच जण गप्प बसतात. बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकाची व्याख्या आहे. व्यापारी कामासाठी घेणारा ग्राहक नाही, हे खरं. पण लगेच खाली स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी कुणी वस्तू घेऊन वापरत असेल, तर तो व्यापारी हेतू धरायचा नाही. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जुन्या कायद्याखाली, याची उदाहरणंही दिली आहेत. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहक. स्वतः चालवायला लेथ मशीन घेणारा ग्राहक. मदतीला एक-दोन माणसं असली तरी तो ग्राहकच. म्हणजे अण्णा आणि तो पोरगा, अगदी बरोब्बर बसतात!

यामुळे वॉरंटी कार्डावरची अट आपोआप रद्द होते असं नाही. पण तक्रारीचं दार बंद होत नाही. शिवाय दिशाभूल करणारी, किंवा पाळली जाण्याची शक्यताच नसलेली हमी देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. डब्याचा फोटो जोडला, मेकॅनिकसकट. हेल्पलाइन हे कोर्ट नाही, ती आदेश देऊ शकत नाही, ती कंपनीकडे तक्रार पोचवते. पण बरेचदा तेवढं पुरतं. पहिल्या मेलपासून एक्केचाळीसाव्या दिवशी नवा रॅचेट आला. अण्णांनी तो टर्रर्र वाजवून बघितला आणि डब्यात ठेवून दिला. काम अजूनही सातशेवाल्यावरच चालू आहे.

हेल्पलाइनवर नाही भागलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकील लागतोच असं नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

मग पुढचा सेट घेताना काय बघायचं? माझी यादी छोटी आहे. एक, लाइफ कुणाची ते कार्डावर शोधा. दोन, बदलून कोण देणार: हा दुकानदार, की हजार किलोमीटरवरचं सेंटर? कुरियर कुणाच्या खर्चाने? तीन, रॅचेटची खिट्टी, स्प्रिंग आणि चक्र यांचा रिपेअर किट सुटा मिळतो का? मिळत असेल तर दहा मिनिटांचं काम, वॉरंटी मागायची गरजच नाही. चार, बिल मिळाल्या मिळाल्या फोटो काढा आणि स्वतःलाच मेल करा. आणि पाच, ज्या हत्यारावर रोजचं काम अडतं, ते एक जादा ठेवा. हे पाचवं अण्णांचं.

तुमच्या डब्यात असा एखादा "जन्मभराचा" पाना असेल आणि त्याची काही कथा असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. चांगल्या अनुभवांच्याही पाठवा बरं का, एखाद्या दुकानदाराने हसत बदलून दिला असेल तर तेही ऐकायचंय. निवडक नोट्स पुढच्या भागात लावू. आणि तुमच्या ओळखीत कुणी गॅरेजवाले, सुतारकाका, फिटर असतील, तर त्यांना ती लेथ मशीनवाली दोन मिनिटं तेवढी ऐकवा. तोवर पाने जागेवर ठेवा, आणि दहा नंबरची गोटी सापडली तर मला कळवा. भेटूया!