सत्त्याऐंशीव्या हिश्शाची आगगाडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळविला तो छोट्या आगगाडीचे मार्ग फळीवर मांडण्याचा. तेव्हा एका चालकांनी फोन करून विचारले, "भाऊ, कागद बदलला तर नाही ना?" कागद बदललेला नाही. ज्याचे आयुष्य पगारवाटप आणि द्वारसभा यांत गेले, त्याने पन्नाशीनंतर खेळण्यातल्या गाड्यांच्या नादी लागावे याचे आमच्या घरीही आश्चर्यच वाटते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत येणाऱ्या वर्तमानपत्रांवर आणि वाचनालयाच्या पुस्तकांवर. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते विद्वानाचे बोलणे नव्हे, हातांनी केलेल्या कामाचा हिशेब आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हा छंद नवा नाही. जर्मनीतील मार्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी ठरावीक मापाच्या रुळांसह मांडली, आणि रूळ विकत आणून घरी वाढवीत नेण्याची सोय झाली. १९१० साली लंडनमध्ये मॉडेल रेल्वे क्लब निघाला. तो आजही चालू आहे. एकट्याला जे झेपत नाही ते दहाजणांनी मिळून करावे, सुताराने फळी करावी, वीजवाल्याने तारा ओढाव्यात, चित्रकाराने डोंगर रंगवावा, असा हा मामला आहे. आम्हांस तो ऐकताक्षणीच ओळखीचा वाटला.

आपल्या महाराष्ट्रात या कामाचे मोठे नाव म्हणजे पुण्याचे भाऊ जोशी. कोथरूडला त्यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी उघडले. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा नातू सहलीला तेथे जाऊन आला आणि सक्करदऱ्यास परतल्यावर त्याने आजोबांना विचारले, "तिथे सगळ्या गाड्या आहेत, आपली उमरेडची गाडी का नाही?" आजोबा तो प्रश्न घेऊन आमच्याकडे आले. युनियनवाल्याकडे कोणतीही तक्रार आणता येते, अशी लोकांची समजूत आहे.

उमरेडची गाडी म्हणजे कोणती, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. परंतु तरुणांसाठी सांगतो. बंगाल नागपूर रेल्वेने १९०८ साली इतवारीपासून भांडेवाडी, दिघोरी, उमरेड, भिवापूर अशी नागभीडपर्यंत अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. लांबी १०६ किलोमीटर. येथून उमरेड रस्त्याने पुढे गेले की दिघोरी लागते, इतकी ती आपल्या दारातली. भिवापूरची मिरची, धानपट्ट्यातली माणसे आणि नागपुरात रोजीने कामाला येणारा मजूर तिने शंभराहून अधिक वर्षे वाहिला. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली, ही नोव्हेंबर २०१९ मध्ये. मोठ्या रुळांसाठी जुने रूळ उचलले गेले. मोठी लाइन हवीच होती, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच की रूळ उचलले की रुळांवर राबलेल्या माणसांची आठवणही त्याबरोबर भंगारात जाते.

तेव्हा आमच्या मंडळींनी ठरविले की ही लाइन फळीवर मांडावयाची. येथे एक सुखद योग जुळून आला. जगभर या छंदात सर्वांत अधिक चालते ते माप सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे, म्हणजे खऱ्या वस्तूचे ८७ वा भाग. त्या मापाचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे मिळतात, ते युरोपच्या रुळांसाठी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस येतात. म्हणजे आपली मोठी गाडी तयार रुळांवर ठेवली की ती जराशी अवघडून उभी राहिल्यासारखी दिसते. परंतु आपली छोटी गाडी ७६२ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागा, पावणेनऊ येतात. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ दुसऱ्या एका बारीक मापासाठी तयार मिळतातच. मोठ्या गाडीला जे जमले नाही ते छोटीला जमले! हा हिशेब आम्ही युनियनच्या फळ्यावर मांडला तेव्हा टाळ्या पडल्या.

पुढचा हिशेब मात्र टाळ्यांचा नव्हता. १०६ किलोमीटरांना ८७ ने भागले की १,२१८ मीटर होतात. म्हणजे सव्वा किलोमीटर लांबीची खोली हवी. आम्हांस मिळाली ती एक जुनी गोदामवजा खोली, जिच्यात भिंतीच्या कडेने सोळा फुटांची एक आणि दहा फुटांची एक अशा दोन फळ्या काटकोनात बसतात. तेव्हा गाळणे आले. काय ठेवावयाचे आणि काय गाळावयाचे, यावर जितकी भांडणे आमच्या मंडळींत झाली तितकी बोनसच्या वाटाघाटींतही झाली नसतील. शेवटी इतवारी, दिघोरी, उमरेड, भिवापूर आणि नागभीड एवढी पाच स्थानके ठेवली, तीही आखडून. मधल्या गावांची माणसे अजून आमच्यावर रागावलेली आहेत.

फळीचे काम थोडक्यात सांगतो. दोन बाय एक इंचाच्या सागवानी पट्ट्यांची चौकट, तीत दर दीड फुटावर आडवी पट्टी, वर बारा मिलिमीटरचे प्लायवूड. पायांना खाली बोल्ट, म्हणजे फरशी वाकडी असली तरी फळी सपाट राहते. रुळांखाली बुचाच्या लाकडाचा पातळ थर. नाहीतर सारी फळी ढोलासारखी वाजते. गिट्टी म्हणून कन्हानची वाळू बारीक चाळणीने चाळून घेतली आणि फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब घालून, औषधाच्या ड्रॉपरने सोडली. साबण नसला तर डिंकाचे पाणी वाळूवर थेंबाने उभे राहते, आत जिरत नाही. झाडे तुळशीच्या वाळलेल्या काड्यांची. इंजिन परदेशातून नवे आणावे तर कंत्राटी कामगाराचा महिन्याचा पगार त्यात जातो. म्हणून जुन्या बारीक इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर प्लॅस्टिकच्या पत्र्याचे कवच चढविले. मोतीबागेत २००२ सालापासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. तेथे मुलांनी परवानगी घेऊन डब्यांच्या खिडक्या आणि पायऱ्या टेपने मोजल्या, वहीत लिहिल्या. एका मुलीने प्रत्येक मापाला ८७ ने भागून शाळेच्या वहीची बारा पाने भरली. तिच्या गणिताच्या गुणांत पुढे काय फरक पडला ते तिची आई सांगते, आम्ही सांगत नाही.

रूळ आम्ही डिसेंबरात टाकले. थंडी छान होती, कामाचा उत्साह होता, आणि रुळाला रूळ अगदी चिकटवून डाग दिला. बोट फिरवले तरी जोड लागू नये, अशी सफाई. एप्रिल उजाडला. खोलीवर पत्रे आहेत. एका दुपारी कुलूप उघडून पाहतो तर दिघोरी आणि उमरेड यांच्यामध्ये मार्गाने सापासारखा वळसा घेतलेला. गाडी सोडली की तेथेच पडे. मुलांनी विजेला दोष दिला, सुताराने प्लायवूडला दिला, आम्ही इंजिनाला दिला.

त्याच सुमारास रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पाहावयास आले. तीसएक वर्षे रुळांवर गँगमनचे काम केलेले. ते काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी डोळा रुळाच्या पातळीला आणला, एका बाजूने पाहिले, मग दुसऱ्या बाजूने, आणि म्हणाले, "जोडात फट नाही ठेवली तुमी. उन्हाळा कोठी जाईन मंग?"

नंतर आम्ही हिशेब करून पाहिला. डिसेंबरातले बारा अंश आणि मेमधले चव्वेचाळीस, एवढ्या फरकात सोळा फूट लांबीचा असा रूळ अडीच मिलिमीटर वाढतो. नऊ मिलिमीटर रुंदीच्या मार्गात अडीच मिलिमीटर म्हणजे थोडे नव्हे. त्याला पुढे जागा नसली की तो बाजूला जातो. खऱ्या रुळाचेही हेच. बारा-तेरा मीटरांचा पोलादी रूळ तेवढ्याच फरकाने साडेचार-पाच मिलिमीटर वाढतो, आणि म्हणूनच उन्हाळ्यात दुपारच्या वेळी रुळांवरून पायी गस्त घालावी लागते. आपण ज्या वेळी पडदे ओढून पंख्याखाली पडतो, त्या वेळी कोणी तरी हातोडी आणि लाल झेंडी घेऊन तापलेल्या गिट्टीवरून चालत असतो. हे आम्ही कामगारांचे कार्यकर्ते असूनही कधी मनात आणले नव्हते.

जाताना त्या गृहस्थांनी पुन्हा एकदा फळीवर नजर फिरविली आणि विचारले, "अन् गँग कोठी हाय जी?"

आम्ही निरुत्तर झालो. फळीवर स्टेशन होते, देऊळ होते, तळे होते, सागाचे रान होते. माणसेही होती, पाकिटात तयार मिळाली ती, टोप्या घातलेले आणि बॅगा घेतलेले परदेशी प्रवासी, दिघोरीच्या फलाटावर उभे! परंतु रूळ ठोकणारा नव्हता, फाटकवाला नव्हता, सांधेवाला नव्हता. जागा वाचवावयाची म्हणून जे गाळले, त्यात पहिल्याच दिवशी कामगार गाळला गेला होता. आणि गाळणारे कोण, तर आम्ही, ज्यांनी तीस वर्षे व्यासपीठावरून ओरडून सांगितले की कामगाराला कोणी मोजत नाही. कोणा मालकाने हे केले असते तर आम्ही त्याच्या दारात बसलो असतो.

मग उमरेडच्या अलीकडची एक टेकडी कापली. तिच्यासाठी एका तरुणाने चार रविवार कागदाचा लगदा कालवला होता. तो आठवडाभर बोलला नाही. तेथे गँगची झोपडी बसविली, बाहेर पाण्याचा रांजण, भिंतीला टेकविलेल्या पहारी. माणूस या मापात पाऊण इंचाचा होतो. काडेपेटीच्या काड्या आणि एमसील घेऊन मुलांनी अकरा माणसे केली. धोतर नीट जमते. पहार धरलेला हात काही केल्या जमत नाही.

दुसरा एक बदल याहून मोठा झाला. नागभीडच्या टोकाला आम्ही एक वळसा ठेवला होता, गाडीने आपोआप फिरून परत यावे म्हणून. आता या छंदात वळशाची एक अडचण असते. एका रुळातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. वळसा घेऊन मार्ग स्वतःलाच येऊन मिळाला की डावा रूळ उजव्याला जोडला जातो आणि वीज तेथल्या तेथे फिरून सारे बंद पडते. त्यावर उपाय आहे, तो तुकडा तोडून वेगळ्या बटनावर घेण्याचा. आमच्या वीजवाल्याने तो करूनही दाखविला. परंतु आमचे गँगमन काका म्हणाले, खरी गाडी अशी फिरत नसे. इंजिन सोडावयाचे, बाजूच्या रुळावरून मागे न्यावयाचे, सांधा बदलावयाचा, दुसऱ्या टोकाला जोडावयाचे. त्याला माणसे लागत. तेव्हा वळसा काढून टाकला. आता नागभीडला दोन मुले उभी राहतात, एक सांध्याला आणि एक इंजिनाला. एकाने घाई केली की डबा पडतो.

तसेच गाड्या सोडण्याचे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून चालकाच्या हाती अधिकाराची खूण असावी लागते. कोठे धातूचा गोळा, कोठे कागद. आम्ही पितळेचा एक मणी ठेवला आहे. मणी हातात नसेल त्याने गाडी हलवावयाची नाही. पहिल्या दिवशी एका धीट मुलाने मण्याशिवाय गाडी सोडली आणि भिवापूरजवळ टक्कर झाली. त्याने विचारले, "काका, खोटीच गाडी आहे ना?" गँगमन काकांनी काही उत्तर दिले नाही. त्यांनी फक्त त्या अकरा मातीच्या माणसांपैकी दोन आडवी झालेली उचलून उभी केली. अशाच नियमांचे शिक्षण मोठ्या माणसांनाही लहान गाड्यांवरच देत आले आहेत. इंग्लंडात लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने मँचेस्टरला १९१२ साली सिग्नलवाल्यांच्या शाळेसाठी अशी मांडणी केली होती.

राहिला प्रश्न सालाचा. अशा मांडणीला एक साल ठरवावे लागते, कारण त्यावरून इंजिन, पाट्या, कपडे ठरतात. तरुणांना वाफेचे इंजिन हवे होते. धूर, शिटी, सारे काही. आमच्या मनात १९७४ चा मे होता. ८ ते २७ मे असा वीस दिवसांचा देशव्यापी संप. आठ तासांचे काम ही त्यातली एक मागणी. परंतु संपाची मांडणी म्हणजे उभ्या गाड्या, आणि मुले उभ्या गाड्या किती वेळ पाहणार? शिवाय तेव्हा आम्हीच पाळण्यात होतो. वादावादी पुष्कळ झाली. शेवटी ठरले ते २०१९ सालचे, डिझेल इंजिनाचे, एका साध्या बुधवारचे. सक्करदऱ्याचा बाजार बुधवारचा. त्या काळी गाडीतून आलेली माणसे अजून आहेत, ती येऊन आमच्या चुका काढू शकतात. आणि काढतातही. भाजी घेऊन येणाऱ्या एका मावशींनी डबा पाहून सांगितले की दारापाशी एवढी मोकळी जागा कधीच नसे, तेथे टोपल्या असत. टोपल्या केल्या; मोहरीएवढ्या होतात.

नागभीडची फळी अजून रंगवावयाची आहे आणि इतवारीच्या यार्डात सांधे कमी पडतात. गँगमन काका संध्याकाळी येतात, चष्मा चढवून रुळांवरून नख फिरवीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. काल त्यांनी सांगितले की दिघोरीच्या पुढच्या वळणावर एका जोडात फट पुरेशी नाही, मे सोसणार नाही. ती उद्या ऊन चढण्यापूर्वी कापावयाची आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सकाळी सातला यावे. बारीक कानस असेल तर सोबत आणावी, आमच्याकडे एकच आहे.