कानावर पडलेलं नाव



सौंदर्यप्रसाधनांच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही रेडिओच्या जाहिराती लिहिण्यात हयात घालवलेल्या बाईला दिलंत, त्याबद्दल आभार. हा मान चेहऱ्याकडे पाहून मिळालेला नाही हे उघड आहे. विषयही तुम्हीच नेमून दिलात: नवा ब्रँड लोकांना सापडावा म्हणून आवाजाचा उपयोग कसा करता येईल?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याकडे क्रीम, तेल, उटणं आधी कानावर पडतं आणि मग डोळ्यांना दिसतं. शेजारीण सांगते, पार्लरवाली सांगते, रेडिओ सांगतो, तेव्हा कुठे बाई दुकानात जाऊन मागते. मागायला तोंडात नाव लागतं. ते नसेल तर माल कितीही देखण्या डबीत असला तरी फळीवर धूळ खातो. तुमच्यापैकी बरेच जण वर्षाचा सगळा पैसा फोटो आणि रील्सवर घालतात. घाला, माझी हरकत नाही. पण त्या चित्रांत ड्रॉपरमधून गालावर पडणारा थेंब आणि संगमरवरी पाटावर ठेवलेली बाटली हेच सगळ्यांचं असतं. नाव झाकलं तर कोणाची बाटली कोणती ते मालकालाही सांगता येणार नाही.

कानाची ताकद बघायची तर विकोकडे बघा. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत परळला ही कंपनी सुरू केली आणि सुरुवातीचा माल घरोघर फिरून विकला. दारात उभं राहून, बोलून. हळदीची क्रीम आली १९७५ साली. बाजारात तेव्हा पांढऱ्या स्नोचं आणि व्हॅनिशिंग क्रीमचं राज्य होतं. अफगाण स्नो तर १९१९ पासून मुंबईत बनत होता. अशा बाजारात पिवळसर क्रीम खपवायची होती. ती खपली ती जिंगलच्या जोरावर, असं माझं मत आहे. अनेक भाषांत, एकाच चालीवर, वर्षानुवर्षं ती जिंगल वाजत राहिली. नावातच हळद, त्यामुळे ज्या बाईला इंग्रजी नाव बोलायचा संकोच वाटायचा ती ‘हळदीची क्रीम द्या’ म्हणायची आणि दुकानदार बरोबर तीच डबी काढायचा. पुढची गंमत अशी, की हे प्रसाधन नसून आयुर्वेदिक आहे, असा दावा ती जिंगल गाऊन करत होती, आणि अबकारी खात्याशी वाद झाला तो नेमका त्याच मुद्द्यावर. प्रसाधन धरलं तर कर जास्त, आयुर्वेदिक औषध धरलं तर कमी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. जे गाण्यात सांगितलं तेच वकिलांना न्यायाधीशांपुढे मांडावं लागलं. जाहिरातीत शब्द टाकताना पुढे तो कोर्टातही उभा राहील का, हे बघून टाकावा तो असा.

आता थोडं मागे जाऊ. १९५२ सालीच बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, संगीतातले जाणकार. चित्रपटगीतांवर त्यांचा भारी राग. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. तिथे त्याच वर्षी ३ डिसेंबरला बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरांत गेला. एका पुणेकराच्या शिस्तीने परक्या केंद्राचा धंदा उभा राहिला, असं मी म्हटलं तर इथे काही जण रागावतील. रागवा. आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. तो कार्यक्रम टूथपेस्टच्या पैशावर चालायचा, पण कार्यक्रमभर दातांबद्दल कोणी बोलत नसे. लोकांना हवी होती गाणी, त्यांची क्रमवारी, श्रोत्यांची पत्रं. ती आधी भरभरून दिली आणि नाव बाजूला अदबीने उभं राहिलं. पुढे पेस्टचं नाव बदलून सिबाका झालं, कार्यक्रमाचंही बदललं, तरी लोक बिनाका गीतमालाच म्हणत राहिले. कानात बसलेलं नाव मालकालासुद्धा पुसता येत नाही. अमेरिकेत लक्स साबणाने १९३४ पासून हेच केलं होतं. ‘लक्स रेडिओ थिएटर’मध्ये आधी नाटकांची आणि पुढे चित्रपटांची कथानकं नाट्यरूपात ऐकवायची, तीही बड्या नटनट्यांच्या तोंडून. चेहऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नट्या चेहरा न दाखवता साबण खपवत होत्या, आणि हे वीसएक वर्षं चाललं.

आपल्याकडे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. म्हणजे देशात सरकारी रेडिओवरच्या जाहिरातीचा नारळ महाराष्ट्रात फुटला. मी शिकले ती त्या परंपरेतल्या माणसांकडून. दहा सेकंदांचा स्पॉट म्हणजे ऐकणारीला झेपेल अशा चालीने बोललं तर जेमतेम वीस-बावीस शब्द. त्यात नाव दोनदा यायला हवं. उरलेल्या जागेत ‘तजेलदार’, ‘मुलायम’, ‘टवटवीत’ कोंबले की काम झालं असं नवख्याला वाटतं. हे तिन्ही शब्द मी माझ्या हाताखालच्या मुलांना बंद केले होते. मी आजवर एकाही बाईला दुकानात ‘मला तजेलदार त्वचा हवी आहे’ असं म्हणताना ऐकलेलं नाही. ती म्हणते, तोंड धुतलं की ओढल्यासारखं होतं. बोअरच्या पाण्याने केस राठ झाले. टाचांना भेगा पडल्यात, चादरीला अडकतात. ते लावलं की चरचरतं. ही खरी जाहिरातीची भाषा, आणि पुढे सांगते त्याप्रमाणे आज शोधाचीही.

एकदा एका उटण्याचा स्पॉट करत होतो. निर्माता तरुण, हौशी. त्याने सनई घातली, पक्षी घातले, मागे मंद तानपुरा. ऐकायला गोड, पण सकाळी सातच्या बातम्यांआधीची कुठलीही चीजवस्तू त्यावर विकता आली असती. मी म्हटलं, पितळी वाटी आणा, तेल आणा, उटणं कालवून अंगाला चोळल्याचा आवाज घ्या. आणलं. खरं उटणं माइकला ऐकूच येईना! तेलात भिजलेली ती पूड इतकी मऊ, की हातावर हात फिरतोय एवढंच कळे. शेवटी आमच्या ध्वनिमुद्रकाने कॅन्टीनमधून जाड रवा आणला आणि माइकपासून वीतभर अंतरावर तळहातांत चोळला. उटणं ऐकू आलं. त्यावर एका आजीबाईंच्या आवाजात फक्त नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा, आंबेहळद अशी नावं घेतली आणि शेवटी मालाचं नाव. विशेषण एकही नाही. पुढे दुकानदार सांगायचे, गिऱ्हाईक ‘ते आजीचं उटणं’ म्हणून मागतं.

मोती साबणाचीही तीच कथा. ती दिवाळीची जाहिरात टीव्हीची, पण लोकांनी ती डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त जपली. पहाटे दारं ठोठावणारे ते काका, त्यांची हाक, एवढंच घरोघरी उरलं, आणि दर नरकचतुर्दशीला कोणीतरी घरात ती हाक देतंच. त्याचे पैसे कंपनीला द्यावे लागत नाहीत.

आजच्या काळाकडे येते. पार्लरचालक भगिनींना मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसवायला सांगितलं, कारण या सभागृहात ध्वनिमाध्यम सर्वांत जास्त कळतं ते त्यांना. तोंडावर पॅक, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या, हात पाण्यात. अशा अवस्थेत तुमचं गिऱ्हाईक वीस मिनिटं पडून असतं. ना फोन बघता येत, ना मासिक. उघडे असतात ते फक्त कान. त्या वीस मिनिटांत आपण काय ऐकवतो? पावसाच्या आवाजाची घासलेली सीडी, नाहीतर शेजारच्या दुकानातली गाणी. एखाद्या उत्पादकाने पार्लरसाठी पंधरा मिनिटांचा मराठी कार्यक्रम का करू नये? कोंडा आणि कोरडेपणा यांतला फरक, मेंदीत काय मिसळलेलं असू शकतं, सनस्क्रीन किती लावायचं, पॅच टेस्ट कशी करायची. अमेरिकेत ‘द ब्यूटी ब्रेन्स’ नावाचा पॉडकास्ट प्रसाधनांच्या रसायनशास्त्रज्ञांनी चालवला. श्रोते विचारतात, ते उत्तर देतात. आपल्या प्रत्येक कारखान्यात एक केमिस्ट पांढरा कोट घालून बसलेला असतो. त्याला माइकसमोर आणायचं कोणाला सुचत नाही. आणतात कोणाला, तर तारखेला दोन मिनिटं मोकळ्या असलेल्या एखाद्या मालिकेतल्या नायिकेला.

मराठी माणूस तासन्‌तास ऐकत नाही, ही सबब आता चालायची नाही. स्टोरीटेल २०१७ पासून मराठीत पुस्तकं ऐकवते आहे आणि लोक लोकलमध्ये, ओट्याशी, फिरायला जाताना कादंबऱ्या ऐकतात. त्याच २०१७ साली गूगलने मराठीत बोलून शोधायची सोय दिली. माझ्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट जास्त मोठी. टाइप करायचा कंटाळा असलेली, किंवा टाइप करता न येणारी बाई आता माइकचं बटण दाबून विचारते, ‘पावसाळ्यात केस का गळतात?’ तिचा प्रश्न पूर्ण वाक्यात असतो, बोलीत असतो. आणि तुमच्या पॉडकास्टच्या भागाचं शीर्षक काय असतं? ‘एपिसोड सात: ग्लो विथ अस’. ती तुम्हाला कशी सापडणार?

शोधणारं यंत्र मुळात वाचतं. ऐकायला ते आता कुठे शिकतंय, आणि मराठी ऐकायला तर अजूनच कमी. ॲपल पॉडकास्ट्सने २०२४ मध्ये आपोआप लिखित संहिता द्यायला सुरुवात केली ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये. म्हणून तुमच्या प्रत्येक भागाखाली संहिता तुम्हीच लिहून ठेवायला हवी. देवनागरीत, माणसाकडून तपासून, कुठल्या मिनिटाला कोणता प्रश्न आहे त्याच्या खुणांसकट. शीर्षक म्हणजे गिऱ्हाइकाचा प्रश्न, तिच्याच शब्दांत. ब्रँडचं नाव देवनागरीत लिहा आणि लोक इंग्रजी अक्षरांत ज्या चार तऱ्हांनी लिहितात त्याही तळाशी टाका. कंटाळवाणं कारकुनी काम आहे हे. पण सापडण्याचं निम्मं श्रेय याच कामाचं असतं, आणि स्टुडिओला लाख रुपये मोजणारे लोक नेमका इथे एक टंकलेखक ठेवायला का-कू करतात.

आणखी एक, आकड्यांबद्दल. डाउनलोड म्हणजे श्रवण नव्हे. कितीतरी भाग फोनमध्ये आपोआप उतरतात आणि तसेच पडून राहतात. त्यापेक्षा दुकानात आणि पार्लरमध्ये ‘कुठे ऐकलंत?’ हा प्रश्न विचारायची सवय लावा, कार्यक्रमात सवलतीचा वेगळा शब्द द्या, तो किती तोंडांतून परत येतो ते मोजा.

नियमांचं थोडक्यात. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत नुसत्या ध्वनीसाठी वेगळी अट आहे: पैसे घेऊन बोलत असाल तर ते सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक विरामाच्या आधी व नंतर स्पष्ट सांगायचं. पुष्कळांना ही अट जाचक वाटते. मला नाही वाटत. पूर्वी ‘हा कार्यक्रम आपण अमुक यांच्या सौजन्याने ऐकत आहात’ हे खणखणीत सांगितलं जायचं आणि त्यात कोणाची अब्रू जात नसे. ‘बरं करतं’ असा शब्द तोंडातून गेला की प्रसाधन औषधाच्या कायद्यात शिरतं, हेही माइकसमोर बसणाऱ्या केमिस्टला आधी सांगून ठेवा. आणि गोरेपणाबद्दल. फेअर अँड लव्हली १९७५ साली आली आणि २०२० मध्ये तिने नावातला ‘फेअर’ काढला. त्या सगळ्या वर्षांत रेडिओनेही सावळ्या मुलींना कमी लेखणारे संवाद कमी ऐकवले नाहीत. चेहरा न दिसणाऱ्या माध्यमात रंगावरून मुलीला हिणवायला खास मेहनत लागते, ती आमच्या लोकांनी घेतली. आता परिषदेची त्याविरुद्धची तत्त्वं २०१४ पासून आहेत. पण आवाजातली कीव कुठल्याही नियमात पकडता येत नाही, ती लेखकानेच गाळायची असते.

ज्यांना दिसत नाही अशा गिऱ्हाइकांचा विचार आपण जवळपास केलेलाच नाही. फ्रान्सच्या लॉक्सितानने १९९७ पासून वेष्टनांवर ब्रेल दिली. एस्टी लॉडरने २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये असं ॲप आणलं, की फोन चेहऱ्यासमोर धरला तर ओठांवर लिपस्टिक सारखी लागली आहे की कुठे सुटली, ते बोलून सांगतं. आपल्या बाटल्यांवर शांपू कोणता आणि कंडिशनर कोणता हे डोळसांनाही चष्म्याशिवाय कळत नाही. वेष्टनावर क्यूआर कोड तर सगळेच छापतात. तो स्कॅन केल्यावर एक मिनिटाचं मराठी ध्वनिमुद्रण वाजलं तर? बाटलीत काय आहे, वास कसा आहे, घट्ट आहे की पातळ, किती घ्यायचं, डोळ्यांत गेलं तर काय करायचं. खर्च नगण्य आहे. चष्मा घरी विसरलेल्या माझ्यासारखीलाही ते चालेल.

शेवटी पुन्हा गिऱ्हाइकाच्या शब्दांकडे येते. ते वापरायचे तर आधी गोळा करायला हवेत, आणि त्यासाठी एक ठराव मी मांडते आहे. इथल्या छोट्या उत्पादकांनी एकत्र येऊन विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण, देश आणि गोवा इथल्या बायका-पुरुष त्वचेच्या आणि केसांच्या तक्रारी कोणत्या शब्दांत सांगतात, त्याचं ध्वनिमुद्रण करावं. संमती घेऊन, नावं गाळून. ते सर्व सभासदांना खुलं असावं. शीर्षकं, संहिता, रेडिओचे स्पॉट, सगळ्याला त्याचा उपयोग होईल, आणि एकट्या कुणाला ते परवडणारं नाही. पहिल्या फेरीसाठी पार्लरचालक भगिनींनी जागा आणि ध्वनिमुद्रकांनी यंत्रं द्यायची तयारी दाखवली आहे; प्रवासखर्चाचा प्रश्न उत्पादकांपुढे आहे. मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. जेवणानंतरच्या सत्रात तो चर्चेला येईल, तेव्हा दुरुस्त्या लेखी द्याव्यात आणि खर्चाचा आकडा मनात ठरवूनच सभागृहात यावं.