लहान गावची बातमी

श्रोतेहो, आपल्या खेड्यांतून पूर्वी दवंडी पिटली जात असे. डफाचा आवाज कानी पडला की माणसे हातचे काम टाकून दारात येत. त्या दवंडीत दूरच्या जगाच्या घडामोडी नसत. शेतसारा कोणत्या दिवशी भरावयाचा, देवी टोचणारा माणूस कोणत्या वारी चावडीवर येणार, बाजार कोठे भरणार, एवढाच तिचा मजकूर असे. शहरातील शहाणी माणसे तिला बातमी म्हणत नसत. बातमी म्हणजे लढाईची, तहाची, निवडणुकीची. दवंडी ही केवळ गावकीची गोष्ट. परंतु गावचा दिवस चालत असे तो त्या दवंडीवर, आणि ती चुकली तर नुकसान व्हावयाचे ते गावकऱ्याचेच.

ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण असे, की करोनाच्या साथीत मोठ्या बातमीचा तुटवडा आपल्याला कधीच पडला नाही. तुटवडा पडला तो या लहान बातमीचा. आणि त्याची किंमत पुष्कळांनी फार जड दिली.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. ती त्याच मध्यरात्रीपासून अमलात यावयाची होती. ही मोठी बातमी घटकाभरात देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. परंतु दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, रोजावर काम करणाऱ्या माणसाचे प्रश्न निराळे होते. उद्या धान्य कोठे मिळेल? घरमालक भाडे मागेल काय? गावी जाणारी मोटार निघेल की नाही? यांची उत्तरे त्या बातमीत नव्हती. मग ज्याला जे सुचले ते त्याने शेजाऱ्याला सांगितले, आणि कर्णोपकर्णी पसरलेल्या या वार्तेवर विसंबून माणसे घराबाहेर पडली. २८ मार्च रोजी दिल्लीच्या आनंदविहार बसस्थानकावर डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेतलेल्या हजारो माणसांची जी दाटी झाली, ती आपणांपैकी अनेकांनी चित्रांत पाहिली असेल.

तीनच दिवसांनी, ३१ मार्च रोजी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. टाळेबंदी तीन महिन्यांहून अधिक काळ चालणार, या खोट्या बातमीने माणसे घाबरून निघाली, असे न्यायालयाने नमूद केले. शंकांचे निरसन करणारे दैनिक बातमीपत्र सर्व माध्यमांतून प्रसृत करण्यास शासन चोवीस तासांत आरंभ करील, याचीही नोंद त्या आदेशात आहे. ते योग्यच झाले. तथापि माझ्या मनात एक विचार येतो. खोटी बातमी लोकांनी खरी मानली, ती त्यांना खोट्याची आवड होती म्हणून नव्हे. त्यांना जे जाणून घ्यावयाचे होते ते सांगणारे दुसरे कोणी त्यांच्या गल्लीत नव्हते, म्हणून. रिकाम्या शेतात तण माजावे, तशी बातमीच्या पोकळीत आवई माजते.

आपल्या महाराष्ट्रातही त्या वसंतात असाच एक चमत्कारिक प्रसंग आला. वृत्तपत्राच्या कागदावरून रोग येतो, अशी भीती पसरली होती. मुंबईत काही दिवस वृत्तपत्रे छापलीच गेली नाहीत. पुढे १८ एप्रिलच्या आदेशाने वृत्तपत्रे घरोघर टाकण्यासच मनाई झाली. त्यावर बरीच टीका झाल्यावर काही दिवसांतच तो आदेश सौम्य करण्यात आला. ज्या सकाळी माणसाला खऱ्या बातमीची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्याच सकाळी तिचे दार बंद झाले होते.

साथ आणि बातमी यांचा हा संबंध आपल्याला नवा नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. हाच कायदा २०२० मध्येही अनेक राज्यांनी लागू केला. पुण्यात प्लेग समितीच्या प्रमुखपदी रँडसाहेब आले आणि गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगाला आळा घालावा हा हेतू असेलही. परंतु शिपाई माजघरात का शिरतो, रोग्याला कोठे नेतो, तो परत केव्हा येणार, हे घरच्या माणसाला त्याच्या भाषेत कोणी सांगत नव्हते. लोक रोगी लपवू लागले. त्यातून जो संताप साचला त्याचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले, ते इतिहासाला ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या, आणि त्या सेवेतच १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. एकीकडे हुकूम होता आणि दुसरीकडे ओळखीचे माणूस होते. भ्यालेला मनुष्य कोणाच्या शब्दावर घराबाहेर पडेल, हे सांगावयास नको.

आता मी आपणांस दिल्लीजवळच्या एका लहान शहराकडे नेतो. दिल्लीहून दक्षिणेस निघाले, गुरुग्रामच्या काचेच्या इमारती मागे टाकल्या, की अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी नूह लागते. राजधानीच्या विस्तारित प्रदेशातच ते मोडते. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सोळा हजारांच्या घरात होती. हा मेवातचा मुलूख. येथील बहुसंख्य लोक मेव मुसलमान, आणि त्यांची बोली मेवाती. त्याच जनगणनेत या जिल्ह्यातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे छापील कागद ज्या घरात मुका, असे हे घर.

या जिल्ह्यातील घाघस नावाच्या गावी २०१२ पासून 'अल्फाज-ए-मेवात' हे सामुदायिक नभोवाणी केंद्र चालत आले आहे. सामुदायिक केंद्र म्हणजे थोडक्यात गावकीची नभोवाणी. तिची शक्ती शंभर वॉटपर्यंतच. पंचक्रोशी ओलांडली की आवाज विरला. कार्यक्रम करणारे तेथलेच, बोली तेथलीच. नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर अशी केंद्रे चालविण्यास प्रथम शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना मुभा मिळाली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे, तो याच घराण्यातला. गुरुग्रामलाही २००९ पासून 'गुडगाव की आवाज' हे केंद्र असून, परप्रांतांतून आलेल्या कामगारांच्या बोलींना तेथे स्थान आहे.

या केंद्रांच्या नियमांत एक मौज आहे. स्वतःच्या बातम्या त्यांना देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र द्यावयाचे तर ते जसेच्या तसे द्यावयाचे. मात्र हवामान, रहदारी, परीक्षा, पाणी आणि वीज यांविषयीच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याचे इशारे, स्थानिक शासनाने दिलेल्या अशा गोष्टी नियमाप्रमाणे 'बातमी' या सदरात मोडतच नाहीत. म्हणून त्या सांगण्यास मोकळीक आहे. श्रोतेहो, दवंडीला बातमी न म्हणणारी ती शहाणी माणसे येथे पुन्हा भेटतात. पण साथ आली, आणि जी बातमी नव्हे असे कागदावर ठरले होते, तिच्यावरच घरे तगण्याची वेळ आली.

एकच उदाहरण घेऊ. एप्रिल २०२० मध्ये जनधन खाती असलेल्या स्त्रियांच्या नावे केंद्र शासनाने दरमहा पाचशे रुपये जमा करण्यास प्रारंभ केला. बँकेच्या दारात गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून दिवस वाटून दिले. शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिल, दोन किंवा तीन असेल तर ४ एप्रिल, असा तो क्रम ९ एप्रिलपर्यंत होता. त्यानंतर कोणत्याही दिवशी पैसे काढता येत. योजना उत्तम होती. परंतु जिला अंक वाचता येत नाही, तिने आपला दिवस कसा ओळखावा? त्यात अशी आवई उठली, की पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार ते परत घेईल. तसे काही होणार नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. तोवर भर उन्हात बायका बँकांसमोर रांगा लावून उभ्या होत्या, आणि ज्या गर्दीतून रोग पसरतो ती गर्दी त्यांच्याच भीतीने जमत होती.

अशा बाईला दिल्लीच्या मोठ्या बातमीचा काय उपयोग? तिच्या बोलीत कोणीतरी सांगावयास हवे, "मावशी, खातेपुस्तक कोणाकडून तरी वाचून घ्या. शेवटचा अंक पाच असेल तर तुमचा दिवस सातवा. पैसे कोठे जात नाहीत." एवढ्या तीन वाक्यांत एक रांग मोडते. ही वाक्ये लहान आहेत. परंतु ती बोलणारा त्या बाईच्या ओळखीचा असावा लागतो. नूहच्या परिसरातील ते केंद्र टाळेबंदीतही बोलत राहिले. डॉक्टरांशी बातचीत करीत आणि श्रोत्यांचे दूरध्वनी घेत ते लोकांच्या शंका ऐकत राहिले, याचे मोल म्हणून मोठे.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नूहवर दुसरेही संकट आले. हरियाणातील सर्वाधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होऊ लागली. दिल्लीत निजामुद्दीन येथे झालेल्या धार्मिक मेळाव्याशी त्यांतील अनेकांचा संबंध होता. पाहता पाहता रोगाची चर्चा मागे पडून माणसांची चर्चा सुरू झाली; एका जमातीकडेच बोट दाखविले जाऊ लागले. रुग्ण किती झाले याची बातमी पहिल्या पानावर आली. पुढे ते रुग्ण बरे होऊन आपापल्या घरी परतू लागले, त्याची बातमी तितक्या मोठ्या अक्षरांत आली नाही. आजारी पडलेला मनुष्य ही बातमी होते आणि बरा झालेला होत नाही, हा मोठ्या बातमीचा स्वभावच आहे. परंतु गावाला धीर येतो तो बरा झालेल्या माणसाला ओट्यावर बसलेला पाहून, त्याचा आवाज ऐकून. संशयाने दुरावलेल्या शेजाऱ्याला परत आणण्याचे काम आकडा करीत नाही.

याचा पडताळा पुढल्या वर्षी आला. लस आली, परंतु २०२१ च्या ऑक्टोबरअखेर देशातील चाळीसहून अधिक जिल्हे असे होते, की जेथे निम्म्या पात्र लोकांनीही पहिली मात्रा घेतली नव्हती. नूह त्यांतच होता. लस म्हणजे काय हे तेथल्या लोकांनी ऐकले नव्हते असे नाही. अविश्वास होता, आणि अविश्वासावर जाहिरातीचा उतारा चालत नाही. म्हणून नोव्हेंबरपासून 'हर घर दस्तक' या मोहिमेत आरोग्यसेविका दारोदार गेल्या, आणि मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरूनही आवाहने झाली. पुण्यात १८९७ साली जे उमगले नव्हते, ते येथे उशिरा का होईना उमगले. दार ठोठावणारा हात ओळखीचा हवा.

लहान बातमी नेहमीच गोड असते असे मात्र नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा गुजरातमधील 'संदेश' या दैनिकाने आपले बातमीदार स्मशानांत आणि रुग्णालयांच्या दाराशी बसविले आणि मृतांची मोजणी केली. सरकारी आकड्यांपेक्षा ती संख्या पुष्कळ मोठी भरली. हे काम कटू खरे. परंतु ज्या घरचा माणूस गेला, त्या घराला त्याची गणना तरी झाली एवढे समाधान मिळाले. गावाला सावरावयाचे असेल तर कोण गेले हेही त्याला मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. जे दुःख नोंदलेच गेले नाही ते सरत नाही, नुसते दडून बसते.

साथ ओसरली हे आपण कशावरून ओळखले? तज्ज्ञांनी ते आलेखावरून ओळखले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु लहान गावाला ते फार आधी, आणि निराळ्या खुणांनी कळले. आठवड्याचा बाजार पुन्हा भरणार, शाळा सोमवारपासून उघडणार, अमक्याच्या घरच्या राहिलेल्या लग्नाला तिथी लागली, अशा वार्ता पुन्हा कानी येऊ लागल्या, तेव्हा गाव बरे झाले. ज्या लहान बातम्यांनी साथीत गावाला धरून ठेवले, त्याच त्याच्या बरे होण्याच्याही खुणा ठरल्या.

श्रोतेहो, पुढली साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. औषधांचे साठे, खाटा आणि प्राणवायू यांची तरतूद करणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडून करवून घेतलेच पाहिजे. परंतु एक तरतूद प्रत्येक गावाने आणि शहरातील प्रत्येक मोहल्ल्याने आपली आपणच करावयाची असते. आपल्या बोलीत खरे तेच सांगणारा आणि आपले म्हणणे ऐकून घेणारा एक आवाज, चांगल्या दिवसांतच पोसून ठेवावयाचा. विश्वास हा संकटाच्या रात्री मागवून येत नाही; तो रोजच्या पाण्याच्या, विजेच्या, बाजाराच्या साध्या खऱ्या वार्तांनी वर्षानुवर्षे साठवावा लागतो. आपल्या गावी असा आवाज आहे काय, हे आपण एकदा पाहावे. नसेल, तर तो निर्माण होईपर्यंत आपली चावडी मुकीच आहे असे समजावे.