घरे दोन, लेकरू एक
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वृद्ध शिक्षकाने विवाह जुळविण्याविषयी बोलावे, मोडण्याविषयी बोलू नये, असा संकेत आहे. तथापि घटस्फोट आता आपल्या ज्ञातीसही अपरिचित राहिलेला नाही. म्हणून आमच्याच घरची हकीकत सांगण्यास आम्ही उभे आहोत.

आमच्या चिरंजीवांचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. नातीचा ताबा संयुक्त ठरला. शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार वडिलांकडे. दोन वर्षे सुरळीत गेली. पुढे सूनबाईंस (आम्ही अजून तसेच म्हणतो) बंगळूर येथे चांगली नोकरी मिळाली. नात पुणे सोडणार हे ऐकताच आम्ही चिरंजीवांस बजावले, "हरकत घे. मूल जाता कामा नये."

वकिलांनी आमचे डोळे उघडले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या १३ व्या कलमान्वये मुलाचे हित सर्वोपरी मानले जाते. आईबापांचा हट्ट नव्हे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका मातेस मुलासह ऑस्ट्रेलियास राहण्याची मुभा कायम ठेवली, पित्याच्या भेटीची सोयही राखली. ताब्याचे आदेश कायमचे नसतात, मुलाच्या गरजेनुसार ते बदलता येतात, असेही त्या निकालात म्हटले आहे. म्हणजे आदेश डावलून गुपचूप मूल हलविणे जितके गैर, तितकेच केवळ अभिमानापोटी वाट अडविणेही गैर.

तरीही आमचे मन वळले ते कायद्याने नव्हे. नातीने एके दिवशी हळूच विचारले, "आबा, मी गेले तर तुम्ही रागवाल का?" आमच्या भांडणाचे ओझे नऊ वर्षांचे लेकरू वाहत होते!

मग उभयतांनी नव्या अटी लिहून न्यायालयाची मंजुरी घेतली. तिकडील शाळेस दसऱ्याची सुटी मोठी, म्हणून दसरा आमच्याकडे, दिवाळी आईकडे, उन्हाळी सुटी निम्मी निम्मी, प्रवासखर्च दोघांचा, बुधवारी व रविवारी व्हिडिओवर बोलणे, प्रगतिपुस्तक दोघांसही. आज नात आनंदात आहे. घर मात्र सुने वाटते, हे आम्ही लपवीत नाही.

मंडळास एकच विनंती आहे. अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांनी पक्ष घेऊ नये, लेकराचा हात धरावा. आणि पुढील संमेलनाचे निमंत्रण अशा मुलांच्या दोन्ही घरी पाठवावे.