प्रशिक्षणाची परीक्षा मागावर

सोलापुरात विणकामाचं शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या वर्गाबाहेरच झालं. 1877 मध्ये ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी उभी राहिली तरी पद्मशाली विणकरांच्या घरांतला हातमाग चालूच होता. तिथं पोरगं आधी कांड्या भरायला शिकायचं, मग तुटलेला धागा सांधायला. हात बसला की मगच त्याला मागावर बसू द्यायचे. शिकला की नाही, हे कापडच सांगायचं. आता टॉवेलच्या कारखान्यात प्रशिक्षण येतं ते प्रोजेक्टरवरून किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओतून. शेवटी हजेरीपट, अभिप्रायाचा फॉर्म आणि प्रमाणपत्र. कापडाला मात्र कुणी विचारत नाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या तपासणीच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रशिक्षण कसं वाटलं, काय शिकलं, कामाची पद्धत बदलली का आणि संस्थेला काय मिळालं. बहुतेक ठिकाणी तपासणी पहिल्याच पायरीवर थांबते. प्रशिक्षण आवडलं म्हणजे ते अंगी उतरलं, असं होत नाही.

चौथ्या पायरीपर्यंत जाता येतं, आणि त्याचं उदाहरण महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरचं, तेही मागावरचंच आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी यांच्या पथकाने 2008 पासून तारापूर आणि उंबरगाव भागातल्या 17 कापड कंपन्यांत प्रयोग केला. कुणाला व्यवस्थापन सल्लागारांचं पूर्ण साहाय्य द्यायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. सगळ्यांकडे महिनाभर पाहणी झाली. निवडलेल्यांकडे सल्लागार पुढे चार महिने राहिले. सुरुवातीला चित्र ओळखीचंच होतं. सूत गोदामात चिठ्ठीविना पडलेलं, अवजारं जमिनीवर विखुरलेली, आणि डागी कापड का निघालं याची नोंदच नाही, कारण शेवटी दुरुस्ती करायला माणसं बसलेलीच. सल्लागारांनी दोष रोज लिहायला लावले, मागांची देखभाल वेळापत्रकावर आणली, सुताचा साठा मोजायला लावला. पहिल्या वर्षात या कंपन्यांची उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. ती बाजार तेजीत होता म्हणून वाढली नाही, हे ठामपणे म्हणता येतं, कारण त्याच बाजारातल्या उरलेल्या कंपन्या तुलनेला होत्या.

सुमारे नऊ वर्षांनी तेच संशोधक पुन्हा गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलला, मालकांना वेळ उरला नाही, ही त्यामागची मुख्य कारणं. तरीही या कंपन्या इतरांच्या पुढेच होत्या. दुसऱ्या फेरीतलं हे निरीक्षण पहिल्या फेरीतल्या 17 टक्क्यांहून मोलाचं आहे. प्रशिक्षण टिकवावं लागतं, हे त्यात आकड्यांनिशी दिसतं.

ऑनलाइन शिक्षणाचं मोजमाप तर आणखी फसवं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांत 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी शेवट गाठला. पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण 46 टक्के होतं. म्हणजे हा आकडा शिकवण्याच्या दर्जापेक्षा येणाऱ्याचा निश्चय जास्त सांगतो. ‘किती जणांनी पूर्ण केलं’ एवढ्यावर अभ्यासक्रम चांगला किंवा वाईट ठरवणं चूकच.

सुधारणा कुठून करायची, याचं उत्तरही संशोधनात आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने 42 टक्के आठवला. न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. कारखान्यात याचा अर्थ साधा आहे: व्हिडिओ पुन्हा लावण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी कामगाराला मागापाशी उभं करून ‘बीम बदलताना आधी काय करायचं, करून दाखव’ म्हणावं. आणि ते त्याच्या भाषेत. ज्या शहरात मागाच्या खडखडाटात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी एकत्र ऐकू येतात, तिथं इंग्रजी पट्ट्यांचा व्हिडिओ दाखवून कामगाराला नापास ठरवणं अन्याय आहे.

सोलापुरातल्या टॉवेल, चादर आणि गणवेशाच्या कारखानदारांना म्हणूनच आग्रहाची विनंती. पुढची बॅच भरवण्याआधी महिनाभर प्रत्येक पाळीला तीन गोष्टी वहीत लिहा: माग किती मिनिटं बंद राहिला, धागा किती वेळा तुटला, डागी माल किती निघाला. आधी निम्म्या कामगारांना शिकवा, उरलेल्यांना तीन महिन्यांनी, आणि कुणाची पाळी आधी हे चिठ्ठी टाकून ठरवा. वही वर्षभर चालू ठेवा, आणि तिच्यात जे दिसेल ते कामगारांनाही दाखवा.